पक्ष कोणता लिहू?

न्यू जर्सीचा मतदार नोंदणीचा फॉर्म फार मोठा नाही. नाव, पत्ता, जन्मतारीख, लायसन्सचा नंबर. इथपर्यंत आपली माणसं भराभर लिहीत जातात आणि मग एका चौकोनाशी पेन अडतं. राजकीय पक्षाशी संलग्नता जाहीर करायची आहे का? हो असेल तर पक्षाचं नाव लिहा, नसेल तर 'नाही'वर खूण करा.

"वहिनी, हे सरकारला कशाला हवंय?" पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

मी मूळची कराडची. इथे गावच्या लायब्ररीत अर्धवेळ काम करते आणि निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर टेबलाशी बसते. त्यामुळे ओळखीत कुणी नागरिकत्वाची शपथ घेऊन आलं, की फॉर्म भरायला माझ्याकडे धाडलं जातं. माणसं शिकलेली, नोकरीत मुरलेली, करांचे कागद स्वतः भरणारी. पण या चौकोनापाशी आवाज खाली येतो. कुणी नवऱ्याकडे बघतं, कुणी "नाही"वर खूण करून मोकळं होतं. "आपल्याला कुणाचं व्हायचं नाही, आपण बरं की आपलं काम बरं," हे वाक्य मी या टेबलावर इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्याने तोंड उघडलं की मीच ते पूर्ण करते.

बिचकणं समजण्यासारखं आहे. आपल्याकडे पक्षाचं सदस्य होणं हा पक्षाचा आणि माणसाचा आपापसातला मामला. पावती फाडा, नाहीतर मिस्ड कॉल द्या. निवडणूक आयोगाच्या यादीत तुमचं नाव, वय, घर क्रमांक असतो, पण तुम्ही कुणाचे हे यादीला ठाऊक नसतं. इथे ते सरकारी दफ्तरात लिहिलं जातं, तेही तुमच्याच हाताने. कराडच्या माणसाला यात काहीतरी काळंबेरं वाटणारच.

पण या नोंदीत आपण समजतो तसं सदस्यत्व जवळजवळ काहीच नसतं. वर्गणी नाही, शपथ नाही, सभेला जायचं बंधन नाही. पक्ष तुम्हाला नको म्हणू शकत नाही, हाकलूनही देऊ शकत नाही, कारण ही नोंद पक्षाच्या कचेरीत नसून काउंटीच्या निवडणूक कार्यालयात असते. आपल्या रेशनकार्डाचा पिवळा, केशरी, पांढरा रंग जसा तुमच्या मनाबद्दल काही सांगत नाही, फक्त दुकानात काय मिळेल ते ठरवतो, तसंच हे. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत तर या नोंदीचा काडीचाही संबंध नसतो. डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्या माणसाने रिपब्लिकन उमेदवाराला मत दिलं तर त्याला अडवणारं कुणी नाही आणि कळणारंही कुणी नाही.

केंटकी राज्य बघा. 2000 सालापासून तिथे अध्यक्षपदासाठी प्रत्येक वेळी रिपब्लिकन उमेदवार जिंकत आलाय. तरी मतदार यादीत 2022च्या उन्हाळ्यापर्यंत डेमोक्रॅटच जास्त होते. आजोबांच्या काळची नोंद, ती बदलायला कोण जातंय? मनं कधीच फिरली होती, यादी मागून आली.

मग या चौकोनाला अर्थ काय? अर्थ प्रायमरीत आहे.

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवण्यासाठी होणारी निवडणूक. आपल्याकडे तिकीट कुणाला द्यायचं ते मुंबईत किंवा दिल्लीत ठरतं. रात्री उशिरा यादी बाहेर येते आणि सकाळी अर्धे इच्छुक बंडखोर झालेले असतात. इथे तिकीट मतदार देतात. सरकार मतदान केंद्रं उघडतं, यंत्रं लावतं, माझ्यासारख्यांना दिवसाचे पैसे देऊन टेबलाशी बसवतं. पण डेमोक्रॅटांचा उमेदवार डेमोक्रॅटांनी निवडायचा आणि रिपब्लिकनांचा रिपब्लिकनांनी, असं म्हटलं की कोण कोणाचं हे आधी कुठेतरी लिहिलेलं असावं लागतं. तो चौकोन त्यासाठी.

आणि पुष्कळ ठिकाणी खरी निवडणूक तीच असते. अमेरिकेतल्या कितीतरी मतदारसंघांत नोव्हेंबरचा निकाल प्रायमरीतच लागलेला असतो, कारण तिथे एकाच पक्षाचं वर्चस्व आहे. न्यूयॉर्क शहराचं 2025चं उदाहरण ताजं आहे. मीरा नायर यांचा मुलगा झोहरान ममदानी जूनमध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकला आणि नोव्हेंबरमध्ये महापौर म्हणून निवडून आला. न्यूयॉर्कची प्रायमरी बंद, म्हणजे ज्याच्या नावापुढे तो पक्ष, त्यालाच मत. शहरात कोणत्याच पक्षाकडे न नोंदलेले मतदार दहा लाखांहून अधिक आहेत. जूनमधल्या त्या लढतीत हे सगळे प्रेक्षक होते.

याच नियमाने 2016 साली डोनाल्ड ट्रम्प यांच्या घरातच गंमत केली. 19 एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये रिपब्लिकन प्रायमरी होती, वडील उमेदवार, आणि इव्हान्का व एरिक या त्यांच्या दोन मुलांना मत देता आलं नाही. दोघांच्याही नावापुढे रिपब्लिकन अशी नोंद नव्हती आणि पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरमध्येच संपलेली. सहा महिन्यांहून आधी! तेव्हा वडील शर्यतीत टिकतील की नाही हेही कुणाला ठाऊक नव्हतं. पुढे 2019 मध्ये राज्याने कायदा बदलून ही मुदत 14 फेब्रुवारीवर आणली. आता व्हॅलेंटाइन डेपर्यंत पक्षावरचं प्रेम जाहीर करायचं.

आमच्या न्यू जर्सीत जरा सैल आहे. इथे प्रायमरी जूनच्या सुरुवातीला. एका पक्षातून दुसऱ्यात जायचं तर 55 दिवस आधी कागद द्यावा लागतो, म्हणजे एप्रिलमध्येच. पण ज्याने चौकोन कोरा ठेवलाय, त्याला प्रायमरीच्या दिवशी टेबलाशी येऊन पक्ष सांगता येतो. सांगितला की तो त्या पक्षाचा झाला, आणि पुन्हा बदलेपर्यंत तसाच राहिला.

टेबलावरचा दिवस लांबलचक असतो. सकाळी सहाला दार उघडायचं, रात्री आठला बंद. टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं समसमान बसवायचा प्रयत्न असतो, म्हणजे एकमेकांवर आपोआप लक्ष राहतं. माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई पक्क्या रिपब्लिकन. दिवसभर आम्ही नातवंडं, गुडघे आणि टोमॅटोची रोपं यांवर बोलतो, बाकी विषयाला हात लावत नाही. मतदार आला की नाव टॅब्लेटवर शोधायचं, त्याने पडद्यावर सही करायची, ती दफ्तरातल्या सहीशी ताडून बघायची. आपली माणसं हातात पासपोर्ट, लायसन्स, विजेचं बिल सगळं घेऊन येतात. बहुतेकांना त्यातलं काहीच लागत नाही, सहीवर काम भागतं. यावर अविश्वासाने बघणारे चेहरे मी दरवर्षी पाहते. शेषनसाहेबांनी ज्यांना फोटो ओळखपत्राची सवय लावली, त्यांना नुसती सही पचणार कशी?

प्रायमरीच्या एका सकाळी एक काका आले. टापटीप, इस्त्रीचा शर्ट, मुलीच्या मैत्रिणीच्या वडिलांसाठी मत द्यायला मुद्दाम आलेले. ते गृहस्थ टाउनशिपच्या कौन्सिलसाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उभे होते. टॅब्लेटवर काकांच्या नावापुढे रिपब्लिकन. काका थक्क. "मी कधी झालो?" बोलता बोलता उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका मित्रासोबत ते असेच जूनमध्ये मत देऊन आले होते, त्या मित्राचा आवडता उमेदवार रिपब्लिकन होता. टेबलावर पक्ष विचारला, यांनी सांगितला, सही केली. त्यांच्या मते त्यांनी एक मत दिलं होतं. दफ्तराच्या मते त्यांनी पक्ष घेतला होता.

"मग आता?" आता रिपब्लिकन प्रायमरीत मत देता येईल, डेमोक्रॅटिकमध्ये नाही. काका तावातावाने म्हणाले, मी नागरिक आहे, कर भरतो, मला अडवणारे तुम्ही कोण? माझ्या शेजारच्या बाईंनी त्यांना शांतपणे दुसऱ्या बाजूची मतपत्रिका देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही. बदलाचा फॉर्म मात्र घेतला, नीट घडी घालून खिशात ठेवला. त्यांच्या मुलीच्या मैत्रिणीचे वडील जिंकले की हरले याच्याशी इथे आपल्याला कर्तव्य नाही, पण गावच्या निवडणुकीत निकाल मोजक्या मतांवर फिरतो हे काकांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर ते चिडले होते.

हा सगळा खटाटोप आला कुठून, हे पाहायला गेलं तर शंभरसव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. एकोणिसाव्या शतकात मतपत्रिका सरकार छापत नसे, पक्ष छापत. आपल्या पक्षाची रंगीत चिठ्ठी घ्यायची आणि सगळ्यांदेखत पेटीत टाकायची. केंटकीत तर 1891पर्यंत तोंडी मत सांगायची पद्धत होती. मॅसॅच्युसेट्सने 1888 साली ऑस्ट्रेलियाच्या धर्तीवर सरकारी, गुप्त मतपत्रिकेचा कायदा केला आणि ती रीत पसरत गेली. उमेदवार मात्र अजून पक्षाचे दादा लोक बंद खोलीतच ठरवत. त्यांच्या हातून तिकीटवाटप काढून घ्यायचं म्हणून विस्कॉन्सिनच्या रॉबर्ट ला फॉलेट यांच्यासारख्या सुधारकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रायमरीचा आग्रह धरला. तिकीट लोकांच्या हातात आलं, आणि 'लोक' म्हणजे कोणते, हा प्रश्न लगेच मागोमाग आला.

दक्षिणेतल्या राज्यांनी त्याचं उत्तर फार क्रूर दिलं. टेक्सासमध्ये तेव्हा डेमोक्रॅटांची एकहाती सत्ता होती. 1923 साली राज्याने कायदा केला की डेमोक्रॅटिक प्रायमरीत काळ्या माणसाला मत नाही. नोव्हेंबरमध्ये खुशाल द्या, पण तोवर सगळं ठरलेलं असे. न्यायालयाने तो कायदा रद्द केला, तेव्हा पक्षाने म्हटलं, आम्ही खाजगी संस्था आहोत, सभासद कोण ते आम्ही ठरवू. 1935 साली सर्वोच्च न्यायालयाने हे चक्क मान्य केलं. अखेर ह्यूस्टनचे लॉनी स्मिथ नावाचे दंतवैद्य लढले, त्यांची बाजू थर्गुड मार्शल यांनी मांडली आणि 1944 साली न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला. मार्शल पुढे स्वतः सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. प्रायमरी हा पक्षाचा घरगुती मामला असल्याचं मला कुणी सांगितलं की मला हे दंतवैद्य आठवतात. त्यांना नोव्हेंबरचं मत होतंच. त्यांनी भांडण केलं ते जुलैतल्या प्रायमरीच्या मतासाठी.

आजच्या टेक्सासच्या नोंदणी फॉर्मवर पक्षाचा चौकोनच नाही. माझी मुलगी ऑस्टिनला असते, तिला हा प्रश्न कधी कुणी विचारलेला नाही. ती प्रायमरीच्या दिवशी जाऊन सांगते, आज मला अमुक बाजूची मतपत्रिका द्या. त्या वर्षापुरती ती त्या बाजूची, प्रायमरीची दुसरी फेरी झाली तरी बाजू बदलता येत नाही. पुढच्या वेळी पाटी कोरी. व्हर्जिनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन इथेही पक्षाची नोंद नाही. पक्ष लिहून घेणारी राज्यं तीसच्या आसपास आहेत. नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणीच होत नाही, ओळखपत्र दाखवा आणि मत द्या. देश एक, पण निवडणुका पन्नास राज्यांच्या पन्नास तऱ्हांनी होतात. त्यामुळे व्हॉट्सॲपवर आलेला कॅलिफोर्नियातल्या मावसभावाचा सल्ला न्यू जर्सीत उपयोगाचा नसतो.

मिशिगनचं नाव निघालं म्हणून आपल्या श्री ठाणेदारांचं सांगते. चिकोडीत जन्मलेला, बेळगावात वाढलेला, मराठीत आत्मचरित्र लिहिलेला हा माणूस 2018 साली गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरला आणि तिसरा आला. मग 2022 मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून काँग्रेससाठी, म्हणजे इथल्या संसदेसाठी, उभा राहिला. ऑगस्टच्या प्रायमरीत उमेदवारांची गर्दी, मतं वाटली गेली आणि ठाणेदार साधारण 28 टक्के मतांवर पहिले आले. नोव्हेंबरमध्ये त्यांना सत्तर टक्क्यांच्या वर मतं पडली. आता सांगा, वॉशिंग्टनला कोण जाणार हे कधी ठरलं? मिशिगनमध्ये मतपत्रिकेवर दोन्ही पक्ष छापलेले असतात आणि मतदाराने एकाच बाजूला खुणा करायच्या असतात. दोन्हीकडे केल्या तर त्या भागातली मतं बाद.

कॅलिफोर्नियाने निराळी वाट धरली. 2010च्या जनमतानंतर तिथे बहुतेक पदांसाठी सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात आणि पहिले दोघं नोव्हेंबरला जातात. पण तिथे एक खड्डा आहे. 'अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी' नावाचा एक कडवा उजवा पक्ष, 1968 साली वंशभेदाचे पुरस्कर्ते जॉर्ज वॉलेस याच पक्षातर्फे अध्यक्षपदाला उभे होते. फॉर्मवर 'इंडिपेंडंट' दिसलं की 'आपण स्वतंत्र' म्हणून कित्येकजण त्यावर खूण करत आले. 2016 साली 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने या पक्षाच्या नोंदलेल्या मतदारांची पाहणी केली, तेव्हा बहुतेकांना आपण या पक्षात आहोत याचा पत्ताच नव्हता. यादीत तेव्हा अशी जवळपास पाच लाख माणसं होती.

पक्षाची नोंद जगजाहीर असते, ही गोष्ट मात्र लोकांना शेवटी कळते आणि सगळ्यात जास्त टोचते. नाव, पत्ता, पक्ष आणि कोणकोणत्या निवडणुकांत मत दिलं, हे यादीत असतं. कुणाला दिलं ते नसतं. ही यादी पक्षांना मिळते आणि त्यांचा सगळा प्रचार तिच्यावर चालतो. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी दारावर कॉलेजातला एक मुलगा आला. हातात फोन, त्यात आमची गल्ली. मला नावाने हाक मारली, आमच्या 'अहों'बद्दल मात्र चकार शब्द नाही. कारण ते कुणाकडेच नोंदलेले नाहीत आणि जूनमध्ये कधी फिरकत नाहीत. प्रचाराच्या हिशेबात ते घरातच नव्हते. माझ्या नावे निवडणुकीआधी पत्रकांचा ढीग येतो, त्यांच्या नावे पिझ्झाची कूपनं. याला ते स्वतःचा विजय समजतात.

शेजाऱ्यांना कळेल, ऑफिसात कळेल ही भीती खोटी म्हणणार नाही. शोधायचंच ठरवलं तर कळतं. पण त्या भीतीपायी चौकोन कोरा ठेवणं म्हणजे तटस्थ राहणं, हे मला पटत नाही. तुम्ही तटस्थ राहिलात म्हणून प्रायमरी थांबत नाही, तुमच्या वाटणीचं शेजारी ठरवतात. गॅलपच्या पाहण्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक अमेरिकन स्वतःला स्वतंत्र म्हणवतात आणि मग नोव्हेंबरमध्ये दोन्ही उमेदवार नालायक निघाले म्हणून हळहळतात. त्या दोघांना तिथवर आणून सोडलं कुणी? जूनमध्ये जे आले त्यांनी.

ज्यांची मुलं इथे एच-वन किंवा ग्रीन कार्डवर आहेत, त्यांच्यासाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. 1993च्या कायद्यापासून बहुतेक राज्यांत लायसन्स काढायला गेलं की तिथेच मतदार नोंदणीही पुढे केली जाते. नागरिक नसलेल्याने त्यावर सही करू नये. पडद्यावर घाईत 'हो' दाबू नये, समोरच्या माणसाने सवयीने फॉर्म सरकवला तर परत सरकवावा. नागरिक असल्याचा खोटा दावा हा देशाबाहेर घालवण्याइतका गंभीर गुन्हा धरला जातो, आणि नागरिकत्वाच्या अर्जात "तुम्ही कधी मतदार म्हणून नाव नोंदवलं होतं का" असा थेट प्रश्न आहे. ग्रीन कार्ड म्हणजे मताचा हक्क नव्हे, हे इथे पंधरा वर्षं राहिलेल्यांनाही सांगावं लागतं.

आणि ज्यांना पक्ष नकोच पण मत हवंय, त्यांची सोयही न्यू जर्सीच्या कायद्यात आहे. आमच्या ओळखीतले एक निवृत्त इंजिनिअर जूनमध्ये टेबलाशी येतात, त्या वर्षी ज्या बाजूची लढत चुरशीची असेल तो पक्ष सांगतात, मत देतात आणि नंतर काउंटीला फॉर्म पाठवून पुन्हा 'कुणाचाच नाही' होतात. फी लागत नाही, कारण विचारत नाहीत. माझ्या शेजारच्या रिपब्लिकन बाईंना हा लबाडपणा वाटतो. मला वाटत नाही, पण त्यांच्याशी हा विषय मी काढलेला नाही, टोमॅटोंवरच आमचं बरं चाललंय.